शेवया झेलणारा हात

औरंगाबाद, मार्च १९८९

मल्लम्माअक्काच्या पायावर नीलाचं डोकं.

मी बरी हाय. पदवीधर बायांच्या ह्या उद्योग प्रशिक्षणात जेवण पोटभर मिळतंय. खोलीत एकलीच असते, तेवढीच शांतता.

काल जिनं तिनं आपला माल करून दाखवायचा होता. आपण वालूरला करतो तशाच मी पाटावर शेवया वळल्या. तार निघाली की सवयीनं, न बघता, डावीकडं दिली. काठीवर झेलायला तू नव्हतीस. तार फरशीवर पडली. बाया हसल्या, मीबी हसले.

सर म्हणले, मशीन घ्या, दुसरं माणूस लागणारच न्हाई. मी फरशीवरची तार गोळा केली.

तुझा खोकला कमी हाय का? अप्पा नीट जेवायलेत का?

उद्या मशीन आलं तरी शेवयाच्या काठ्या मातर चुलीत घालू नको.

तुझी,
नीला