मेटाकॉमचं नाव आणि डेलियाचं बाळ

आदरणीय मिलिसेंटअक्का यांस,

मॅशपीहून धाकट्या एल्सवर्थचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि बर्म्युडाची हवा यांचं पुन्हा जमलं असेल अशी आशा करतो. मी ठणठणीत आहे. (डॉक्टरचं मत वेगळं आहे, पण त्याला विचारतंय कोण!)

माझ्या डेलियाला मुलगा झाला. दवाखान्यापुरतं एक नाव त्याला आहे. पण आपल्या सगळ्या वाम्पनोग जमातीसमोर द्यायचं आपलं नाव मी, आजोबाने, सुचवायचं ठरलं. मी म्हटलं, मेटाकॉम! साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्रजांशी लढलेला आपला सरदार, आणखी काय हवं? डेलिया म्हणाली, "बाबा, एवढंसं पोर ते, पेलेल का त्याला?" तिची खात्री पटवायला दोघांना गाडीत घालून मेटाकॉमचं ठाणं होतं त्या ब्रिस्टल गावी थेट नेलं.

तिथे नेमकी त्याचंच नाव दिलेल्या मेटाकॉम रस्त्यावर गाडी बंद पडली. मेकॅनिकला विचारलं, हा मेटाकॉम कोण रे? "असेल कोणी जुना महापौर," म्हणाला. मी असा भडकलो की शिंपल्यांचे वडे अर्धेच टाकून उठलो. (नंतर खाल्ले.) पण मग तो फोनवर गिऱ्हाइकांना "मेटाकॉम रस्ता, मेटाकॉम रस्ता" असा पत्ता सांगत होता ते ऐकत बसलो आणि अक्का, अंगावर काटा आला. ज्या इंग्रजांनी त्याचं मुंडकं त्यांच्या प्लिमथ वसाहतीत वर्षानुवर्षं खांबावर ठेवलं, त्यांच्या मुलखात आज त्याचं नाव घेतल्याशिवाय कुणाच्या घरी पिझ्झासुद्धा पोचत नाही!

संध्याकाळी मेटाकॉम ज्यावर बसून सभा घ्यायचा म्हणतात, त्या खडकापाशी गेलो. मी बाळाला उंच धरून म्हटलं, बघ, नाव असावं तर असं! डेलिया खडकाला हात लावून उभी होती. हळूच म्हणाली, "आणि त्याच्या पोराचं नाव काय होतं, बाबा?"

अक्का, तो नऊ वर्षांचा पोर लढाईत इंग्रजांच्या हाती लागला. त्याला मारावं की विकावं यावर पाद्र्यांनी पत्रंच्या पत्रं लिहिली, शेवटी गुलाम म्हणून समुद्रापार विकलं. पण त्याचं नाव एकानेही लिहिलं नाही. घरी येईपर्यंत मी गाडीला एकही शिवी दिली नाही. (डेलियाने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.)

घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
एल्सवर्थ

ता. क. मेटाकॉमच्या त्या पोराला तुमच्याच बेटांकडे नेलं म्हणतात. तिथल्या आपल्या रक्ताच्या एखाद्या म्हातारीच्या तोंडी त्याचं नाव उरलंय का, विचाराल? बाळाला तेच द्यायचं डेलियाच्या मनात आहे. माझ्याही.

पुन्हा ता. क. नाही मिळालं तर तसं कळवू नका. नुसतं "शोधते आहे" एवढंच लिहा. बाळ थांबेल.