फ्रान्सच्या रस्त्यावर गाडी तापते

मामा, तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा मी एसटी डेपोत कंडक्टरच होतो, आणि आता मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनो गावी मुलाच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आहे. दुपार आहे. मुलगा आणि सून कामावर, नात शाळेत. समोर फ्रान्सचा नकाशा पसरला आहे. त्याच्या घड्या सारख्या मिटतात म्हणून एका कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवली आहे, दुसऱ्यावर लोणच्याची. नकाशा वाचता येतो असं नाही. शाळेत सातवीपर्यंत शिकलेली इंग्रजी अक्षरं जुळवून मी एखाद्या गावाचं नाव म्हणतो आणि नात हसून सांगते की आजोबा, तसं म्हणत नाहीत. पण रस्ता मला कळतो. रेघ जाड असली की मोठा रस्ता, वळणं दाटीनं आली की घाट. घाट दिसला की माझं बोट तिथंच थांबतं. तुम्ही ड्रायव्हर, डेपोत सगळेच तुम्हाला मामा म्हणत, पण घाटात तुमच्या मागे उभं राहून बारा वर्षं काढली ती मी, म्हणून तुम्हालाच लिहायला बसलो.

नातीची शाळा सुटली की दोन आठवडे फ्रान्सला जायचं असं घरात ठरलं आहे. पॅरिसला उतरायचं, तिथं गाडी भाड्यानं घ्यायची, नदीकाठचे किल्ले बघत खाली डोंगरात जायचं, तिथून समुद्रावर, आणि दुसऱ्या रस्त्यानं परत. मुलगा इंजिनिअर आहे. त्यानं रोज किती गाडी चालवायची, कुठं मुक्काम, सगळं कॉम्प्युटरवर बसवलं आहे. सुनेला चालत्या गाडीत वाचलं की मळमळतं, म्हणून तो मला म्हणाला, बाबा, तुम्ही पुढं बसा, नकाशा तुमच्या हातात. मामा, उभा जन्म गाडीत गेला माझा, पण पुढच्या सीटवर निवांत बसून रस्ता बघितला नाही कधी. ऐकून मला इतकं बरं वाटलं, आणि तोंडातून निघालं की मी काही येत नाही.

गेला महिनाभर मी तेच सांगत होतो. गुडघे दुखतात म्हटलं, तर मुलगा म्हणाला चालायचं कमी करू. थंडी म्हटलं, तर सुनेनं स्वेटर आणला. जेवणाचं म्हटलं, तर राइस कुकर बॅगेत घालायचं ठरलं. शेवटी म्हटलं, मी इथून जवळच अर्विंग गावातल्या आपल्या ओळखीच्या डॉक्टरकाकांकडे राहतो. ते रिटायर झालेले, माझ्याच वयाचे, दोघं टीव्ही बघत बसू. नात म्हणाली, आजोबा, डोन्ट बी सिली. मुलानं मात्र कॉम्प्युटर बंद केला. त्याला वाटलं असावं, म्हाताऱ्याला आमच्याबरोबर नको आहे. पुढच्या शनिवारी तिकिटं काढायची, तोवर सांगा, एवढंच म्हणून तो उठला.

खरं कारण तुम्हाला सांगायला हरकत नाही. मला आता तासाच्या वर लघवी धरवत नाही. मुलापुढं हे बोलायचं कसं? आणि सुनेसमोर तर जीभच उचलत नाही. मागच्या थंडीत सगळे गाडीनं सॅन अँटोनियोला गेलो. पाच तासांचा रस्ता, आणि मुलाला एका दमात गाडी मारायची हौस. मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, तरी शेवटी शेवटी डोळ्यांपुढं काजवे चमकले. हॉटेलवर उतरलो तेव्हा पाठ सरळ होईना. सुनेनं माझ्यासाठी भरून ठेवलेली पाण्याची बाटली सीटखालून काढली. गळ्यापर्यंत तशीच भरलेली. तिनं बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ती पर्समध्ये टाकली. तिथं निदान रस्ता ओळखीचा, भाषा थोडी कानावरची. फ्रान्समध्ये कुणाला काय विचारू? रस्त्याच्या कडेला थांबू देतात का? हे विचार सुरू झाले की मी उठून घरभर फिरतो, पुन्हा येऊन नकाशापाशी बसतो.

मग तुम्ही आठवता. गाडी घाट चढते आहे. मी नवीन आहे, घड्याळाकडं बघून बघून जीव अर्धा झालेला. मागच्या बाकावर मफलर गुंडाळलेला एक म्हातारा दोन्ही हातांनी बार घट्ट धरून बसला आहे, आणि तुम्ही आरशात बघता. पुढच्या वळणाला गाडी बाजूला घेता, मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगता, "टायर तापलाय. पाच मिनिटं थांबावं लागेल." खाली उतरून मागच्या चाकावर बादलीतलं पाणी ओतता, काठीनं टायर ठोकून बघता. बाया एका अंगाला जातात, बाप्ये दुसऱ्या. म्हातारा सगळ्यांत शेवटी येतो आणि बाकावर पसरून बसतो. मी तुमच्याजवळ कुरकुरलो की गाडी लेट होते, डेपोत बोलणी मला बसतात. तुम्ही गाडी डेपोत लावली. चहा समोर आल्यावर म्हणालात, "घंटीची दोरी हातात आहे म्हणून नुसतं घड्याळ बघू नकोस. माणसांची तोंडं बघत जा." तेव्हा मला कळलं की टायर तापलेला नव्हता.

ही गोष्ट मी मागं एकदा नातीला गंमत म्हणून सांगितली होती. सून पलीकडे पोळ्या लाटत होती. तिचं लक्ष आहे असं मला वाटलं नव्हतं.

काल रविवारी टेबलाशी पुन्हा तोच विषय निघाला. मुलगा किल्ल्यापासून डोंगरापर्यंतचा रस्ता दाखवत होता. सून भांडी पुसता पुसता म्हणाली की भाड्याची गाडी आहे, तासाला एकदा थांबवावी लागेल, तापते.

"नवी गाडी कशाला तापेल?" मुलगा म्हणाला. "कूलंट असतं, फॅन असतो."

"तापते. तासाला थांबणार असशील तरच मी येते."

मुलगा हसला, हिशेब करायला लागला. असं थांबत गेलो तर एक किल्ला कॅन्सल करावा लागेल म्हणाला. ती म्हणाली, मग कर. त्यानं माझ्याकडं बघितलं. "बाबा, तुम्ही सांगा तिला. एवढी वर्षं गाडीवर काढलीत तुम्ही. नवी गाडी तापते का?"

सून पुसलेलीच कढई पुन्हा पुसत होती. मी चष्मा काढला, नकाशावर डोंगर होता तिथं बोट ठेवलं आणि म्हणालो, "तापते. घाटात तर हमखास."

 मुलानं पेन्सिल घेतली आणि नकाशातल्या एका किल्ल्यावर फुली मारली. नातीनं विचारलं, सो यू आर कमिंग? मी म्हटलं, टायर बघायला कुणीतरी पाहिजे ना.

तेव्हापासून दुसरीच काळजी लागली आहे. पाऊस असला तर काय सांगायचं? आणि लगेच आपला तो पावसाळ्यातला दिवस आठवला. माझं पोट बिघडलं होतं, दाराचा बार धरून मी घामानं निथळत होतो, आणि तुम्ही भर पावसात घाटात गाडी बाजूला घेऊन म्हणालात, टायर तापलाय. सगळी गाडी तुमच्या तोंडाकडं बघत राहिली. झुडपातून परत येऊन मी टायरला हात लावला. थंडगार, वरून पाण्याचे ओघळ. "निवला वाटतं, मामा," मी म्हणालो, आणि तुम्ही म्हणालात, "मार घंटी." मला सगळं कळलं होतं, मामा. पुढं इतकी वर्षं एकाच गाडीवर काढली, तरी तेवढं एक तुम्हाला बोलून दाखवायचं राहिलं.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो. सुनेलाही मी अजून काही बोललेलो नाही. माझ्याच्यानं बोलवणारही नाही. सकाळी कामावर जाताना ती नकाशाशेजारी पाण्याचा ग्लास ठेवून गेली होती. तो पिऊन रिकामा करून, तिला येताच दिसेल असा टेबलाच्या मधोमध ठेवला आहे.