कापसाच्या प्रेसमधला माशाचा आकडा

९ जानेवारी १९५३, जालना
बॉयलरचा व्हॉल्व्ह सकाळपासून कुरकुरत होता, दुपारी एकदाचा बसला. तेवढ्यात प्रेसच्या फाटकाशी जीप. मीर साहेब म्हणून एक वयस्क गृहस्थ. निजामाच्या सरकारात पुलांचे इंजिनियर होते, आता रिटायर. हातात वाकून सरळ झालेला एक विलायती आकडा. गळाला लागलेला मोठा मासा दमून काठाशी आला की या आकड्याने उचलायचा म्हणे. गोदावरीत महाशीर जातीच्या एका दांडग्या माशाने त्याची ही दशा केली.
"मिस्तरी, ऐसा दूसरा बनता क्या?"
नीट बघितलाही नाही, आणि म्हणालो, "बनतो की." खोड जुनी. बायको शेवंता म्हणते, "चंद्राला बिजागरी बसवा म्हणलं कुणी, तरी हो म्हणसाल तुम्ही."

१७ जानेवारी
झाला आकडा. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्याच भट्टीवर. लॉरीच्या मोडक्या स्प्रिंग-पाट्याचं पोलाद. नमुना शोधायला लांब जावं लागलं नाही, आमचे हमाल रुईच्या गाठी ज्या आकड्याने ओढतात तोच. जाड, दणकट, टोक आत वळवलेलं. एकदा घुसला की निसटायची बात नाही.
मीर साहेबांनी उलटासुलटा करून पाहिला. उद्या रविवार, नदीवर चला म्हणाले.
आमच्या घरात मासा कधी शिजलेला नाही. मोठा मासा मी जिवंत पाहिलेलासुद्धा नाही. हे त्यांना सांगायला पाहिजे होतं.

१८ जाने.
घनसावंगीच्या पुढे, गोदावरीचा डोह. मी. सा. दोन तास काठी धरून उभे. मग मासा लागला, अर्धा तास झुंज. काठाशी आणला, पिवळाधमक, माझ्या मांडीएवढा. आकडा मारला तर खवल्यांवरून घसरला! आत वळलेलं टोक माशाला लागतच नव्हतं. दुसऱ्यांदा मारला, दोरी तुटली, मासा गेला.
करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याने शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते वाळूत बसून पोट धरून हसत होते.
"मियाँ, ये रुई की गाठ नै है. गाठ भागती नै."
मग वाळूत बोटाने काढून दाखवलं. टोक दांड्याच्या रेषेत सरळ, तोंड मोठं, सुईसारखी धार. किती समजावून सांगितलं! आजवर कुणा साहेबाने मला असं शेजारी बसवून शिकवलेलं नाही.

३ फेब्रुवारी
टोकाचं पाणी जमेना. पहिलं कडक झालं, कानशीने ठोकताच उडालं. दुसरं मऊ. तिसऱ्याला तेलात विझवून, घासून चकचकीत करून परत मंद शेकलं. गव्हाळ रंग आला तसं काढलं. वाक मात्र जांभळ्यावर जाऊ दिला. तो जरा लवचिक पाहिजे, नाहीतर मोडतो.
दांडा भरीव बांबूचा. त्यावर सुताची वीण, वर लाखेचा हात. धरला की हाताला आपलासा वाटतो. खरं सांगायचं तर असं सुबक काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. व्हॉल्व्ह दुरुस्त करणारा माणूस मी. नवीन काही बनवतो आहे ही गोष्टच

शेवंता हाक मारते आहे. जेवण.

२२ फेब्रु.
उचलला! एका झटक्यात. मी. सा. नी मला मिठी मारली, ओल्या कपड्यांनिशी. डोहावरच्या नाववाल्यांनी मासा वाटून घेतला. परत येताना जीपमध्ये मी गाणं म्हणत होतो असं ते सांगतात. मला आठवत नाही.

२५ फेब्रु.
प्रेसच्या मालकांनी, शेठजींनी पाहिलं.
दुसरा आकडा शेगड्याच्या जबड्यात पकडून धार लावत होतो. ते मागे येऊन उभे. "मिस्तरी, हे कशाचं?" खोटं बोलता आलं असतं. गाठीचा म्हणालो असतो. म्हणालो, "माशाचा."
"इथं? या भट्टीवर?" एवढंच. गेले.
शेठजी जैन. आमच्याकडे बॉयलरमध्ये, भट्टीत लाकूड टाकण्याआधी प्रत्येक ओंडका जमिनीवर आपटून झटकायचा नियम आहे, मुंगी किडा असला तर पडून जावा म्हणून. बाहेरची माणसं हसतात. मला सवय इतकी की घरी चुलीत काडी घालतानाही झटकतो. आणि त्याच भट्टीत महिनाभर मी जीव घ्यायचं हत्यार तापवतो आहे. एकदाही मनात आलं नाही. एकदाही!

२६ फेब्रु.
मुनीमजींकडून कळलं, शेठजींचा आज उपवास. भट्टी त्यांची, म्हणून दोष त्यांचा. मला एका शब्दाने बोलले नाहीत.
४८ साली निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीत याच माणसाने मला आणि शेवंताला नऊ दिवस रुईच्या गोदामात ठेवलं. स्वतः दाराशी खाट टाकून झोपायचे. वाटूरहून माझा दादा न्यायला आला तेव्हाच हलले. त्यांच्या मनातून उतरलो तर मग राहिलं काय?
शेवंताला सांगितलं. ती म्हणाली, "मंग सोडून द्या की ते माशाचं." सोपं आहे बोलायला.

१४ मार्च
सोडणार होतो. तेवढ्यात मी. सा. पत्र घेऊन हजर. मुंबईला त्यांचा दोस्त आहे, होडीतून समुद्रात जाऊन माणसाएवढे मासे धरतो. माझा आकडा त्याला दाखवला होता. त्याला तीन पाहिजेत, लांब दांड्याचे. मी समुद्र पाहिलेला नाही. समुद्रावर माझ्या हातचं काही जाणार! छाती भरून आली, लपवत नाही.
हो म्हणालो. (शेवंता: "बिजागरी!")

१६ मार्च
शेठजींच्या गादीवर गेलो. चोराच्या मनात चांदणे. सांगून टाकलं. शेठजी, तुमच्या भट्टीला पुन्हा हात लावणार नाही. घरी परसात लहान भट्टी घालतो, सुट्टीच्या दिवशी करतो. पण करणार आहे.
ते म्हणाले, "तुमच्या घरात तुम्ही मालक. मी कोण अडवणारा? विचारलं तुम्ही, बराबर केलं." मी उठलो तर म्हणतात, "एक सांगा. भोसकल्याबिगर मासा हातात येतच न्हाई का?"
हा प्रश्न मी मिस्तरी असून मला पडला नव्हता, त्यांना पडला.

२१ जून
प्रेस बंद, ऑइलिंगचं काम. रिकाम्या प्रेसपुढे बसलो होतो आणि सुचलं. गाठ आकड्याने ओढतो खरी, पण धरून ठेवते ती भोवतीची लोखंडी पट्टी. माशालाही तसंच धरलं तर? शेपटाच्या मुळाशी मासा बारीक असतो. दांड्याला पोलादी कांब, तिच्या टोकाला तारेच्या दोराचा फास; तो तिथं घालायचा आणि ओढायचा. भोक नाही, रक्त नाही.
मी. सा. ना सांगितलं. "अच्छा?" म्हणाले, लहान मुलासारखे डोळे करून. शेवंता म्हणते, "शेपूट धरून कुणाचं भलं झालंय आजवर?"

१४ सप्टेंबर
काल शेठजींची संवत्सरी झाली, पर्युषणाचा शेवटचा दिवस. दरवर्षी ते सगळ्यांची क्षमा मागतात, घरच्यांची, मुनीमांची, हमालांचीही. आम्ही हात जोडतो, मोकळे होतो. रीत आहे.
आज सकाळी ते परसात आले. भट्टीजवळ समुद्राचे दोन आकडे तयार पडलेले, झाकायलाही वेळ मिळाला नाही. हात जोडून म्हणाले, "मिच्छामि दुक्कडं." आणि पुढे, "त्या दिवशी तोंडानं बोललो न्हाई, पण मनात तुमाला लई वाईट बोललो, मिस्तरी. सहा म्हैने बोलून राह्यलो. माफ करा."
माफी मी त्यांची मागायची, ती त्यांनी माझी मागितली. मी पाया पडायला वाकलो तर धरलं. रडलो मी. लिहायला लाज कसली.
जाताना मी नवा केलेला फास हातात घेऊन पाहिला. स्वतःच्या मनगटात घालून ओढला. "दुखत न्हाई फार," म्हणाले.

२८ नोव्हेंबर
पाणी निवळलं. उद्या नदीवर. शेठजी येतो म्हणाले! मी. सा. ना विचारलं, ते म्हणाले, "जरूर, टिफिन भी लाना बोलो." पोत्यात आकडा आणि फास दोन्ही बांधले. शेठजींनी पाहिलं. लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

२९ नोव्हें.
दुपारी मोठा मासा लागला. एवढा मोठा मी. सा. नी तीन वर्षांत पाहिला नव्हता. पाऊण तास. दमून आडवा झाला, मी. सा. कमरेएवढ्या पाण्यात. मागे न बघता हात केला. "लाओ."
कोणतं, ते बोलले नाहीत.
शेठजी दगडावर बसलेले, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, माशाकडे बघत होते. मी फास दिला.
मी. सा. नी एकदा हातातल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग घातला. शेपटावर बसला, ओढला, धरला, मोजून दोन श्वास धरला. मग पोलादी कांब वाकली, फास उघडला, मासा गेला.
लगेच परत निघालो. डबाही तसाच राहिला. मी. सा. चा तीन वर्षांतला सगळ्यात मोठा मासा माझ्यामुळे गेला. त्यांनी भरवसा ठेवून हात मागे केला होता.

२ डिसेंबर
तीन दिवस झोप नाही. मी. सा. आता येणार नाहीत असं धरून चाललो होतो. संध्याकाळी दाराशी जीप.
फास घेऊन आले होते. "मिस्तरी, कांब छोटी है. लंबी करो, मोटी करो. शेपटी पकड़ी थी उसने, मैंने हाथ में महसूस किया." चहा घेतला. शेवंताने शिरा केला होता तो सगळा खाल्ला.
धरल्यावर मासा सोडणार का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.
असा माणूस मला कुठून भेटला!

४ डिसें.
नवी कांब दोन हात लांब पाहिजे, आणि सगळी एकसारखी तापली पाहिजे. माझ्या परसातल्या भट्टीत अर्धीच मावते. दोनदा केली, दोनदा मधून वाकडी.
आज शेठजींनी विचारलं, "झालं का?" मी अडचण सांगितली. मागितलं काही नाही.
"कारखान्यातली भट्टी मोठी हाय," ते म्हणाले.
मी म्हणालो, "शेठजी, साहेब मासा सोडतील असं अजून बोललेले नाहीत. फासाने धरून मारतीलही."
"माहीत हाय मला."
"तरी?"
त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे सरकवला. "तरी पेटवा. लाकडं तेवढी झटकून घ्या."