घंगाळात बेडूक आहे

कोकिळा,

उलट्या थांबून तुला आत्ता कुठे डोळा लागलाय, म्हणून न उठवता शाळेत शिकवायला चाललोय. जाग आल्यावर आधी उशाशी ठेवलेला वाळक्या भाकरीचा तुकडा खा, मगच उभी राहा.

न्हाणीतल्या घंगाळावरचं ताट काढू नकोस. खाली बेडूक आहे, नर आहे. दिवस गेलेल्या बाईची लघवी त्याला सुईनं टोचली, की दोन-तीन तासांनी बेडकाच्या लघवीत शुक्रजंतू दिसतात; सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहून खात्री करता येते. मागच्या वर्षी दुसऱ्या महिन्यातच सगळं संपलं, म्हणून या वेळी मला आधी पुरावा हवा होता.

मायनं मात्र सकाळीच ताट उचललं.

"भुजंगा, हे काय रे?"

मी खरं ते सांगितलं.

"लेका, परवा लसणाची फोडणी दिली अन् पोरगी तोंड दाबून अंगणात पळाली. मला तवाच कळलं. तिसरा महिना सरंस्तोवर मी कुणापाशी बोलणार न्हाई. पण तू बेडकाला काय इचारायलास? तिला इचार की, जीव घाबरायलाय का म्हणून!"

तिचं निरीक्षण माझ्या प्रयोगाच्या दोन दिवस पुढे निघालं. बेडूक संध्याकाळी विहिरीवर सोडतो. शाळा सुटली की थेट घरी येऊन तुला विचारतो. माझं उत्तर आधीच लिहून ठेवतो: माझा घाबरतोय.

भुजंग