फेसाची बादली

पंडरी, रायपूर
२ ऑगस्ट २०२५

चि. चेतना, सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि तू ओरडलीस की अख्खा पारा, सगळा मोहल्ला ऐकतो, म्हणून कागद घेतला. आमच्या पिंकीला आठवा महिना लागला. प्रशिकची ही बायको दिवसभर चिंच मागते, उत्तरं मात्र हिंदीतच देते.

तुझी आई गेल्यापासून एकच किडा डोक्यात आहे. मायाला रक्ताचा कॅन्सर होता, हे मान्य. पण डॉक्टर म्हणाले होते की इन्फेक्शनला जपा, आणि मी बहिणीला जपलं. दवाखान्याने सांगितलेलं जंतुनाशक टाकून तिची खोली सकाळ-संध्याकाळ पुसली. मग ती इन्फेक्शननेच कशी गेली? तुझ्या कॉलेजात जंतू तपासतात ना? मी बनवायची तसंच पाणी बनवून प्रशिकच्या हाती पाठवते आहे. बाळासाठीही तीच खोली काढली आहे. खरं काय ते कळव.

वेळेवर जेवत जा, रागावलीस तरी चालेल.
तुझी कमला मावशी

नागपूर
११ ऑगस्ट

ती. कमला मावशीस, सा. जयभीम.

बाटली पोचली. तुझ्या लेकाने ती लोणच्याच्या बरणीसारखी मांडीवर धरून आणली.

खोटंच लिहायचं ठरवलं होतं. तसं पत्र लिहून फाडलंही. पण बाळ येतंय, म्हणून खरं लिहिते. तुझ्या पाण्यात जंतू सोडले, नंतर प्लेटवर वाढू दिले. ते मेले नाहीत, प्लेट भरून वाढले. मग तेच औषध नुसत्या पाण्यात घालून पाहिलं, तर प्लेट कोरी राहिली. प्रशिकला विचारलं तेव्हा कळलं, तू बादलीत कपड्यांची पावडर टाकायचीस. या औषधाला साबण चालत नाही, मावशी. दोन्ही एकत्र आले की औषध बाद होतं.

आई त्यामुळे गेली असं समजू नकोस. असे जंतू बहुधा पेशंटच्या स्वतःच्या पोटातलेच असतात. माझी शपथ आहे तुला. बाळाच्या खोलीत पावडर नको, एवढंच.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.
तुझी चेतना

रायपूर
२० ऑगस्ट

चि. चेतना, जयभीम.

पावडर मायानेच टाकायला लावली. औषधाच्या वासाने तिला उलटी व्हायची. म्हणायची, "ताई, मले दवाखान्याचा वास नको, फेस कर." फेस आला की हसायची. त्या दिवसांत ती तेवढ्यापुरतीच हसायची. नाही कसं म्हणणार होते?

आता खोली प्रशिक पुसतो. मी बादलीला हात लावत नाही.

तू शपथ घातलीस म्हणजे तुलाही खात्री नाही, एवढं मला कळतं. पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. तू शेवटची भेटायला आलीस, तेव्हा बाहेरचे जंतू नकोत म्हणून मी तुला दारातच थांबवलं. ती तुझ्याकडे हात करत होती आणि मी म्हणत होते, दुरूनच बोल बेटा. फरशी तर तशीही घाणच होती. तुला तिच्याजवळ बसू द्यायचं होतं गं.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.
कमला