काळ्या कागदातली खिडकी

३ डिसेंबर

बेसिनमध्ये पुन्हा तिकिटं! तोंड धुवायला गेले तर पाण्यात कुठल्या कुठल्या देशांच्या राजे-राण्या उताण्या पडलेल्या. म्हटलं, मी तोंड कुठे धुवायचं? तर हे म्हणाले, स्वयंपाकघरात धू, इथे डिंक सुटत आलाय. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण घरातल्या पाण्याला अजून ह्यांचीच परवानगी लागते.

लोक म्हणतात, काय छान जोडी! बाई पोस्टकार्डं जमवतात, साहेब तिकिटं जमवतात. डोंबलाची छान! कार्ड एक, त्याला बाजू दोन, आणि घरात भांडायला माणसंही दोन. तिकीट सोडवलं की माझं कार्ड लंगडं. नाही सोडवलं की ह्यांचा अल्बम उपाशी. त्यामुळे घरात कार्ड आलं की आधी भांडण, मग अबोला, मग चहा. हा आमचा संसार.

लेकीचं उत्तर अजून नाही. ती तिकडे बेटावर, हवामान केंद्रात वारा मोजत बसलीय. तिथे आमचा फोन लागत नाही. टपाल बोटीतून येतं-जातं. अगदीच नड असेल तर किनाऱ्यावरच्या कार्यालयात निरोप ठेवायचा. तिथला कारकून सकाळी रेडिओवर हवामानाचे आकडे घेतो, तेव्हा तो सांगतो. पण आम्ही जमवणारी माणसं! आम्ही कार्ड धाडलं, गेल्या महिन्यात. चित्र मी निवडलं, झुलत्या पुलाचं, फार सुंदर. तिकिटं ह्यांनी लावली, रंगसंगती बघून, मोकळी जागा सोडून, शिक्का नीट उठावा म्हणून. मला लिहायला बोटभर कोपरा उरला. त्यात लिहिलं, 'नाताळात येणार का ते कळव.' तेवढंच मावलं.

५ डिसेंबर

दुकानात नाताळची झुंबड. भेटवस्तू बांधून द्यायच्या काउंटरवर मी आणि रिबिनींचा ढीग. एका गृहस्थाने बायकोसाठी इस्त्री घेतली आणि वर सोनेरी कागद मागितला. छान दिसली पाहिजे, म्हणाला. मी म्हटलं, दिसेल की, उघडेपर्यंत! सुपरवायझरने डोळे वटारले. मग मी त्या इस्त्रीला मुकाट्याने फूल बांधून दिलं.

पाय सुजलेत. पेटीत टपाल नाही.

६ डिसेंबर

आलं! लेकीचं कार्ड आलं!

मी कामावरून येईपर्यंत अर्थातच ते ह्यांच्या ताब्यात गेलेलं. हे टेबलाशी. हातात पांढरे मोजे, चिमटा, भिंग, दिव्याची मान खाली वाकवलेली. एखाद्याचं पोट फाडतायत असं वाटलं. मी हात पुढे केला तर अंगावरच आले. हात लावू नकोस, बोटांना तेल असतं! लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या बोटांना तेल असतं हे आज कळलं.

मग चिमट्यात धरून मला माझी बाजू दाखवली. काय कार्ड आहे! बेटावरचा बोटीचा धक्का, जुन्या छपाईचा, हाताने रंग भरलेला. असलं कार्ड मी दुसऱ्यांच्या संग्रहात बघून जळत आले. पोरीने ते कुठून पैदा केलं देव जाणे. ह्यांच्या बाजूलाही लॉटरी लागलेली: समुद्रपक्ष्याचं तिकीट, बेटापुरतंच छापलेलं, आणि वर बेटाचा शिक्का. पूर्ण गोल! एक अक्षर पुसट नाही. ह्यांच्या डोळ्यात पाणी. लेक जन्मली तेव्हाही होतं का, आठवत नाही.

मी विचारलं, काय लिहिलंय? येतेय का?

"नेहमीचंच," हे म्हणाले. "तब्येत बरी आहे. वारा फार आहे." भिंगातून डोळा काढला नाही.

म्हणजे नाताळाबद्दल अक्षर नाही! वा गं बाई. असं दुर्मिळ कार्ड शोधायला वेळ आहे, आईला हो किंवा नाही म्हणायला नाही.

तेवढ्यात हे उठून बेसिनकडे निघाले. मी दारात आडवी. पाण्यात घातलंत तर मी माहेरी जाईन! म्हणाले, माहेरी आहे कोण? खरंच, कुणी नाही. पण कार्ड पाण्यातून वाचलं.

७ डिसेंबर

अबोला. चहा दोघांनी वेगवेगळा केला. कार्ड ह्यांच्या कपाटात, किल्ली ह्यांच्या खिशात.

९ डिसेंबर

जिन्यात वरची शेजारीण भेटली. लेक येणार ना नाताळात? म्हटलं, हो तर! उगाच. तिची तिन्ही मुलं येणार आहेत, सहकुटुंब. सांगताना चेहरा असा केला की जणू माझ्यासाठी वाईट वाटतंय.

नाही येणार ती. का नाही येणार, ते मला माहीत आहे. मागच्या नाताळात आली होती, चार दिवस. नेमकं तेव्हाच संग्राहक मंडळाचं प्रदर्शन! हे टेबलं लावायला, मी नावाच्या चिठ्ठ्या लिहायला. प्रदर्शनाची तारीख काय आम्ही ठरवतो? तिला म्हटलं, चल की आमच्याबरोबर. आली, दारापाशी खुर्चीत बसून राहिली. जाताना बॅग उचलून म्हणाली, "मी आले होते हे तुम्हाला कळलं तरी का?" मी म्हटलं, हे काय बोलणं झालं! हे म्हणाले, बोट चुकेल. आणि ती गेली.

वर्ष झालं, तरी ते वाक्य नाकात पाणी गेल्यासारखं झोंबतं. आम्ही काय तिचं घोडं मारलं होतं?

१० डिसेंबर

अबोल्याला कंटाळून हे मंडळाच्या अध्यक्षांना घेऊन आले. त्यांना सगळे भिंगसाहेब म्हणतात. भिंग गळ्यात असतं, जेवतानाही. भांडण मी मांडलं, ह्यांनी मांडलं, मग परत मी. भिंगसाहेबांनी कार्ड चिमट्यात धरून दोन्ही बाजू पाहिल्या. म्हणजे एका बाजूचं चित्र आणि दुसऱ्या बाजूचं तिकीट. मग न्यायाधीशासारखे खाकरले.

निकाल असा: तिकीट सोडवायचं नाही. कार्ड अख्खं प्रदर्शनात जाईल. उभी चौकट, दोन्हीकडून काच. एकीकडून बाईंचं चित्र, दुसरीकडून साहेबांचं तिकीट आणि शिक्का. नोंद दोघांच्या नावाने!

दोघांच्या नावाने. मंडळाच्या इतिहासात असं झालं नव्हतं म्हणे. ह्यांनी मान खाली घालून हो म्हटलं. मी पण. भिंगसाहेबांना दुसरा चहा मिळाला.

१३ डिसेंबर

रविवारसारखा गेला आजचा दिवस. दोघं टेबलाशी समोरासमोर, चौकट मध्ये. खरं सांगते, असं एकत्र बसून काही केल्याला किती दिवस झाले! हे गुणगुणत होते. बेसूर, पण गुणगुणत होते.

ह्यांच्या बाजूला काळा कागद. कार्डाच्या मापाचा कापायचा आणि त्याला खिडकी पाडायची, फक्त तिकीट आणि शिक्का दिसेल एवढी. बाकीचं सगळं झाकायचं. परीक्षकांची नजर इकडेतिकडे जाता कामा नये असा मंडळाचा दंडक आहे. लिखाण दिसलं की गुण कापतात! मी विचारलं, एवढं झाकायचं कशाला, पोरीचं अक्षर चांगलं आहे. म्हणाले, अक्षराला गुण नसतात.

खिडकी पाडायला मला बसवलं, कारण दुकानात कागद कापून कापून माझा हात बसलाय. मोजमाप ह्यांचं, पातं माझं. दोनदा कागद फुकट गेला, तिसऱ्यांदा अशी कड आली की हे नुसते बघत राहिले. मग ह्यांनी चिमट्याने कार्ड ठेवलं, मी कडा जुळतात का एवढंच बघत वरून काळा कागद बसवला, काच लावली, पट्टी चिकटवून चौकट बंद. पट्टीवर सह्या दोघांच्या. आता निकालापर्यंत उघडायची नाही.

दिवाणखान्यात कपाटावर ठेवलीय. जाता-येता बघते. माझीच बाजू बाहेर ठेवलीय, ह्यांना अजून कळलं नाही.

१५ डिसेंबर

जेवताना हे एकदम म्हणाले, "किनाऱ्यावरच्या कार्यालयात फोन करू का? विचारू तरी, ती येतेय का."

मला इतका राग आला! मी म्हटलं, काही नको. आपण विचारलंय एकदा. दर वेळी नाकदुऱ्या आपणच काढायच्या का? तिला यायचं असतं तर त्या कार्डावर दोन शब्द लिहायला काय झालं होतं? आपण काय दाराला कडी लावलीय? आता तिने कळवायचं.

 ह्यांचा हात फोनपर्यंत गेला होता, तो पाण्याच्या जगकडे वळला. मीच जिंकले. हल्ली भांडणात मीच जिंकते.

तरी तिच्या खोलीतले माझे खोके आवरायला घेतले. तिच्या पलंगावर 'दीपगृहं', टेबलावर 'हॉटेलं', खिडकीत 'पूल, परदेशी'. माणसाने निजावं कुठे? सगळं आमच्या खोलीत हलवलं. आता आम्हाला पलंगावर चढायचं तर दीपगृहं ओलांडावी लागतात.

१७ डिसेंबर

आज आपल्या आईसाठी मफलर बांधून घ्यायला एक मुलगी आली. कागद कुठला घेऊ म्हणून मलाच विचारलं. माझ्या आवडीचा बांधून दिला. फूल जरा जास्तच मोठं झालं.

१९ डिसेंबर

चौकट सभागृहात पोचली. रिक्षात मांडीवर घेऊन गेले, खड्डा आला की हे "सांभाळ, सांभाळ" करत होते. लेकीला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा असंच ओरडले होते. हे मात्र आठवलं.

भिंगसाहेबांनी चौकट मधल्या टेबलावर ठेवली. दोन्हीकडून फिरून बघता येतं.

येताना नवी चादर घेतली. तिला निळी आवडायची. अजून आवडते का, काय माहीत.

२० डिसेंबर

प्रदर्शनाला ही गर्दी! आमच्या टेबलाशी सगळ्यात जास्त. चित्राच्या बाजूला बायका, शिक्क्याच्या बाजूला पुरुष, आणि हे मध्ये उभं राहून दोन्हीकडे माहिती सांगतायत. कुणी विचारलं, कार्ड कुठून मिळवलं? हे म्हणाले, आमची मुलगी असते तिकडे. काय तो आवाज! जणू बेट ह्यांनीच बसवलंय. आणखी एकाने विचारलं, मग येते का ती नाताळात? हे म्हणाले, काम फार असतं. मी तिकिटांच्या दातेरी कडांकडे बघत राहिले, ज्यांच्यातलं मला काडीचं कळत नाही.

आज वर्षातली शेवटची बोट, नाताळानंतरची यंदा वाऱ्यामुळे रद्द आहे. यायचीच असती तर संध्याकाळी दारात असती. मी लवकर घरी आले, डोकं दुखतंय सांगून. जिन्यात पावलं वाजली की उठायचे. वरच्या शेजारणीची आली, तिन्ही, बॅगा आपटत.

आता नाही येत ती. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. अगदी बापावर गेलीय. दुखलं मला. लिहून टाकते, दुखलं. दोन शब्द तर लिहायचे होते.

चादर घातलीय, ती काढत नाही.

२१ डिसेंबर

पहिला क्रमांक आला. बक्षिसाआधी कार्डाला ठिगळ वगैरे नाही ना हे बघायला परीक्षक बाईंनी पट्टी कापून चौकट उघडली, काळा कागद बाजूला केला. मग खाली लिहिलेलं वाचलं. वर बघितलं ते माझ्याकडे. हळू विचारलं, "मग तुम्ही निरोप ठेवलात ना?"

पहिल्या दोन ओळी खरंच तब्येतीच्या आणि वाऱ्याच्या आहेत. त्याखाली: 'येणार का असं विचारू नका. मी हवी असेन तर ये म्हणा. पंधरा तारखेपर्यंत किनाऱ्यावरच्या कार्यालयात तेवढा एक शब्द ठेवा, मी रजा घेते. नाही ठेवलात तर मी समजून घेईन, पुन्हा विचारणार नाही.'

सभागृहातूनच कार्यालयाला फोन लावला. कारकून म्हणाला, तिने रजा दुसऱ्याला देऊन टाकली, सोळालाच. मी म्हटलं, तिला सांगा, आईने ये म्हटलंय. तो म्हणाला, सांगतो सकाळी, पण बाई, आता बोट जानेवारीत.