बिनटाक्याची ताई आणि तीन टाक्यांचा मी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (हनुवटी जमिनीला न टेकवता, कारण पुढे येईल). तुझे गुडघे, रक्तदाब आणि स्वभाव, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडे ताई उत्तम आहे. मी बरा होत आहे.

ताईने स्तनातली गाठ काढून घेतली (शब्द तोच लिहायचा, लाजायचं नाही, असं ती म्हणाली). तुझीही गाठ तपासणीत साधीच निघाली, पण वाढते आहे म्हणून काढून टाका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून आठ महिने झाले आणि सुरीच्या भीतीने तू तिकडे फिरकली नाहीस. तेव्हा ‘यात घाबरण्यासारखं काही नाही, एवढंच लिही, एका ओळीत’ असं ताईने मला बजावलं आहे. पण एका ओळीत तपशील राहून जातात.

दवाखान्याने आधी एक छापील पत्रक दिलं होतं. वर ‘रुग्ण व सोबतच्या नातेवाइकांसाठी सूचना’ असं स्पष्ट लिहिलेलं (‘इ’ त्यांनी दीर्घ छापली होती, मी पेनाने ऱ्हस्व केली). सोबतचा नातेवाईक मीच, म्हणून चौदाही सूचना पाळल्या. पुढून उघडणारा सैल सदरा घातला. पावडर लावली नाही. सहा तास उपाशी राहायचं होतं, मी खबरदारी म्हणून चौदा तास राहिलो. अंगावर धातू नको, म्हणून घड्याळ, किल्ल्या आणि बकलामुळे पट्टासुद्धा घरी ठेवला. ताई मात्र पोटभर नाश्ता करून आली. ते पत्रक पूर्ण भूल देतात त्यांच्यासाठी होतं, ताईची फक्त तेवढी जागा बधिर करणार होते, हे तिला फोनवर कळलं होतं. मला कुणी सांगितलं नाही.

मला पडद्याबाहेर उभं केलं. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात बिनपट्ट्याची पँट. आत डॉक्टरीणबाई सोनोग्राफीत बघत पोकळ सुई घालत होत्या. ती सुई आतल्या आत गाठीचे बारीक तुकडे करून ओढून घेते. घुर्र, खट्, पुन्हा घुर्र. (दुकानातलं आमचं काजाचं मशीन याहून जास्त ओरडतं.) मी दर मिनिटाला ‘ताई, दुखतंय का गं?’ विचारत होतो. सातव्यांदा ती म्हणाली, ‘फक्त डोकं. तेही तुझ्यामुळे.’ अर्ध्या तासात गाठ संपली. सिस्टरनी दहा मिनिटं जागा दाबून धरली, चिकटपट्टी लावली आणि ‘झालं’ म्हणाल्या.

झालं? आत्या, मी सहा वर्षं काज-बटणाचं काम करतो. कापलेलं टाक्याशिवाय सोडलं की उसवतं. मी नम्रपणे विचारलं, ‘मॅडम, टाके?’ आतून उत्तर आलं, ‘लागत नाहीत. छेद चार मिलिमीटरचा आहे.’ सदऱ्याचं काज आम्ही पंधराचं कापतो! चारातून बटण जात नाही, तिथे गाठ कशी निघेल? मोजून दाखवावं म्हणून मी फाइल काखेत मारून खिशातली टेप काढून उलगडली. त्याला दोन्ही हात लागले. पँटसाठी एकही उरला नाही. ती खाली गेली, पाय अडकले, पोटात अन्नाचा कण नाही, मी पडदा धरला, पडद्याने मला धरलं नाही, आणि हनुवटी स्टीलच्या स्टुलावर आपटली.

त्या दिवशी तिथे टाके एकालाच पडले. तीन. (मधला तिरका आहे. उसवून पुन्हा घाला म्हटलं, सिस्टरनी ऐकलं नाही.) ताईला उठवून तिच्या पलंगावर मला निजवलं. बाहेर एक बाई हळहळून तिला म्हणाल्या, ‘एवढ्या तरुण वयात! काय झालंय हो त्यांना?’ ताई म्हणाली, ‘जन्मापासूनच आहे.’

तिला चार दिवस काळंनिळं झालं, थोडं ठणकलं, बस. आत्या, तू रोज चाचपून बघतेस आणि फोनवर ‘मी मजेत’ म्हणतेस, हे मला कळतं. पडद्याबाहेर मीसुद्धा तसाच मजेत होतो.

तुझा आज्ञाधारक
भाचा

ता. क. : तुकडे तपासून अहवाल आला. गाठ साधीच. मी तो चार वेळा वाचला.

ता. क. २ : तुझ्या नावाने मंगळवारी अकराची वेळ घेतली आहे. ताई सोबत येईल. पत्रकात आता पेनाने पंधरावी सूचना आहे, ‘भावाला आणू नये.’ मी तुझा भाचा, म्हणजे नियमात बसतो, पण ताई नको म्हणते.

ता. क. ३ : ताईने आत्ताच पत्र वाचून कपाळाला हात लावला. ती म्हणते, मंगळवारी तू आली नाहीस तर तुझी हिंमत होईपर्यंत धीर द्यायला मी तुझ्याकडे येऊन राहायचं. मी आनंदाने तयार आहे. बुधवारची गाडी बघून ठेवली आहे. तुला रोज सकाळी विचारायचे प्रश्न वहीत उतरवतो आहे. सध्या बासष्ट झाले.